लॅपटॉप कशाची वाट पाहतोय?

२०१७ ते २०२० या काळात आपल्याकडे एका ठरावीक ठेवणीचा लॅपटॉप घरोघरी आला. कंपनी कोणतीही असो, आतला ऐवज जवळपास सारखाच : आय-थ्री किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. कोणी तो मुलीच्या कॉलेजसाठी घेतला, कोणी लॉकडाऊनमधल्या शाळेसाठी. तेव्हा तो बरा चालत होता. आज बटण दाबल्यावर पडदा उजळायलाच वेळ लागतो. उजळल्यावर माउसचा बाण हलतो, पण क्लिक लागत नाही. ब्राउझर उघडायला जावं तर वर्तुळ गोल फिरत राहतं आणि शेवटी खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरं उमटतात. मग घरात एकमत होतं की लॅपटॉप म्हातारा झाला, आता नवा घ्यावा.

पण यात एक कोडं आहे. प्रोसेसरमध्ये हलणारा, घासला जाणारा एकही भाग नसतो. २ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर पहिल्या दिवशी सेकंदाला दोनशे कोटी ठोके देत होता आणि आजही तेवढेच देऊ शकतो. रॅमचंही तसंच. ती एक तर चालते, नाही तर बिघडते. वयाबरोबर हळूहळू मंदावत नाही. मग आतले भाग जसेच्या तसे असताना लॅपटॉप स्लो कसा झाला?

काही अंशी उत्तर असं की यंत्र तेच राहिलं आणि त्याच्यावरचं काम वाढलं. विंडोज ९५ चालवायला किमान ४ एमबी रॅम पुरेशी होती. विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजारपटीहून थोडी जास्तच. ‘पास्कल’ ही संगणकभाषा घडवणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५मध्ये एका लेखात हीच तक्रार मांडली होती : यंत्रं जितक्या वेगाने सुधारतात, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर बोजड होत जातं. आपला लॅपटॉप २०१८मध्ये थांबला. त्यातला ब्राउझर, त्यातलं विंडोज, त्यात उघडणाऱ्या वेबसाइट मात्र फुगत राहिल्या.

उरलेलं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यावर आपल्याला इलाज करता येतो. स्लो झालेला लॅपटॉप बहुतेक वेळा संथपणे काम करत नसतो. तो कशाची तरी वाट पाहत थांबलेला असतो. कशाची, ते एकदा कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, हे आपोआप कळतं.

कारकून, टेबल आणि रेकॉर्ड रूम

तहसील कचेरीतला एक कारकून डोळ्यांपुढे आणा. त्याच्या टेबलावर सध्या चालू असलेल्या प्रकरणांच्या फाइली आहेत. बाकी सगळ्या फाइली मागच्या रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यांत बांधून ठेवलेल्या. टेबलावरची फाइल कारकून झपाट्याने हातावेगळी करतो. टेबलावर नसलेली फाइल लागली की शिपायाला मागे पाठवावं लागतं, आणि तो परत येईपर्यंत ते प्रकरण अडतं.

लॅपटॉपमध्ये कारकून म्हणजे प्रोसेसर, टेबल म्हणजे रॅम, आणि रेकॉर्ड रूम म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, म्हणून जे टिकवायचं ते रेकॉर्ड रूममध्येच ठेवावं लागतं. विंडोज, वर्ड, फोटो, सारं तिथे असतं आणि वापरायच्या वेळी टेबलावर आणलं जातं.

आता अंतरं पाहू. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे कारकुनाचा एक सेकंद असं धरू. टेबलावरचा, म्हणजे रॅममधला, कागद हाती यायला या हिशेबाने तीन-साडेतीन मिनिटं लागतात. एसएसडीतून फाइल यायला सुमारे सव्वादोन दिवस. आणि हार्ड डिस्कमधून? जवळपास वर्षभर! या काळात कारकून दुसरी प्रकरणं उरकू शकतो, उरकतोही. पण ज्या फाइलीसाठी आपण खिडकीशी उभे आहोत, ती शिपाई परतेपर्यंत पुढे सरकत नाही.

आधी टास्क मॅनेजर उघडा

दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी, कोणाला ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी, एक काम करायचं. लॅपटॉप अडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. छोटी खिडकी दिसली तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करायचं. १९९६च्या विंडोज एनटी ४पासून हे साधन विंडोजमध्ये आहे, फुकट आहे, आणि तरीही बहुतेक लोक त्याच्याकडे फक्त अडकलेला प्रोग्रॅम बंद करायला जातात. त्याचा खरा उपयोग निदानासाठी आहे.

त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क हे रकाने असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर टक्का. जो रकाना सतत शंभरीच्या आसपास आहे, वाट त्याचीच पाहिली जातेय. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. घाई करू नये. लॅपटॉप सुरू झाल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळेच आकडे चढलेले असतात. पंधरा मिनिटांनीही चढलेलेच राहिले, तर ते खरं लक्षण.

फक्त वेबसाइट हळू उघडताहेत, आणि वर्डची फाइल, फोटोंचं फोल्डर झटकन उघडतंय, असं असेल तर दोष इंटरनेटचा किंवा वायफायचा. त्यासाठी लॅपटॉपवर खर्च करू नये.

डिस्क १०० टक्के, आणि काम मात्र नाममात्र

सुरुवातीला सांगितलेल्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडला, तर बहुतेक वेळा एक चमत्कारिक चित्र दिसेल. सीपीयू दहा-पंधरा टक्के. डिस्क १०० टक्के, लालबुंद. आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कचा वेग पाहावा तर सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. हीच डिस्क एखादा सिनेमा कॉपी करताना सेकंदाला ८०-१०० एमबी सहज वाचते. मग एक एमबीत ती शंभर टक्के कशी भरली?

याचं उत्तर हार्ड डिस्कच्या पोटात आहे. आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरत असतात, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) तबकडीच्या पृष्ठाला जवळजवळ टेकलेला एक वाचक-दांडा असतो. एखादा तुकडा वाचायचा तर हा दांडा आधी योग्य वर्तुळावर सरकवावा लागतो. त्याला साधारण दहा मिलिसेकंद. मग तो तुकडा फिरत दांड्याखाली येईपर्यंत थांबायचं. सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. दोन्ही मिळून पंधरा-सोळा. याचा सरळ अर्थ, अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणचे तुकडेच गाठू शकते.

सिनेमा सलग मांडलेला असतो, म्हणून दांडा एका जागी राहून भराभर वाचत जातो. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहानलहान फाइली लागतात आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला साठ-सत्तर तुकडे म्हणजे अवघे अडीचशे-तीनशे केबी. टास्क मॅनेजरमधला १०० टक्के हा आकडा डिस्क किती वेळ गुंतलेली आहे ते सांगतो, किती माल वाहिला ते सांगत नाही. शिपाई दिवसभर धावतोय, दमलाय. पण प्रत्येक खेपेला एकच कागद आणतोय.

त्यात विंडोज १०ने मागच्या दाराने बरीच कामं लावलेली असतात. अपडेट उतरवणं, अँटिव्हायरसची तपासणी, शोध सोपा जावा म्हणून फाइलींची सूची बनवणं, तुम्ही काय उघडाल याचा अंदाज बांधून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवणं. एकेक काम उपयोगाचंच आहे. पण चौघांनी एकाच वेळी एकाच दांड्याला चार दिशांना धाडलं की कोणाचंच धड होत नाही. बिघाड म्हणावा असा काही नसतो. त्या जातीच्या डिस्कला हे काम झेपत नाही, एवढंच.

तंत्रज्ञानाच्या इतिहासातली ही एक विलक्षण विषमता आहे. १९५६मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंची ५० तबकड्यांच्या त्या अवाढव्य यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरं मावत, आणि हवं ते अक्षर गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज साठवणक्षमता लाखो पटींनी वाढलीय. गाठण्याचा वेळ मात्र साठ वर्षांत चाळीसेक पटींनीच घटला, कारण धातूचा दांडा हलवायला आणि तबकडी फिरायला वेळ हा लागतोच.

एसएसडीत हलणारं काहीच नाही. माहिती चिपमध्ये विजेच्या रूपात असते. कुठलाही तुकडा गाठायला साधारण मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. सेकंदाला साठ-सत्तर तुकड्यांच्या जागी हजारो तुकडे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अशा लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल, तर तो हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याचा करावा. त्याच प्रोसेसरवर, त्याच रॅमवर फरक इतका पडतो की घरच्यांना लॅपटॉप बदलल्यासारखा वाटतो.

यात दोन प्रकार आहेत. एक अडीच इंची साटा एसएसडी, जी जुन्या हार्ड डिस्कच्याच खाचेत आणि त्याच जोडणीवर बसते. दुसरी एम.२, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. २०१८नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी मोकळी खाच असते. एम.२मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन पोटप्रकार आहेत, म्हणून आपल्या मॉडेलला कोणती चालते ते खरेदीआधी विचारून घ्यावं. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो आणि एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला रोजच्या कामात खरी झेप पहिल्या पायरीवरच मिळते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत दुकानदाराने महागडी दाखवली, तरी जुन्या लॅपटॉपसाठी साधी साटा पुरते. ज्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाची साठवण बोर्डावरच डकवलेली असते, तिथे मात्र हा मार्ग बंद असू शकतो.

विंडोज नव्याने टाकायचं असेल तर लायसन्स पुन्हा विकत घ्यायची गरज नसते. लॅपटॉपबरोबर अधिकृत विंडोज आलं असेल, तर त्याची नोंद त्या मदरबोर्डशी बांधलेली असते. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मात्र बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर काम सुरू करण्याआधी त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यावी. ती हरवली तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही.

एक इशारा. डिस्कचा १०० टक्का नेहमी जातीमुळेच असतो असं नाही. कधी ती मरणाच्या वाटेवर असते. तबकडीवर खराब जागा पडल्या की डिस्क तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि सगळं खोळंबतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ सतत शेकडो-हजारो मिलिसेकंद दिसत असेल, टकटक आवाज येत असेल, फोल्डर उघडताना लॅपटॉप गोठत असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्यानंतर. आजारी डिस्कवर तपासणीचा भार टाकला तर उरलीसुरली माहितीही जाऊ शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद वाचून दाखवतो. त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर थांबू नये.

चौकट : लक्षणावरून संशय

*डिस्क १०० टक्के, सीपीयू निवांत :* हार्ड डिस्क अपुरी, किंवा बिघडत चाललेली.
*मेमरी ८५-९० टक्क्यांवर आणि डिस्कही चढलेली :* रॅम अपुरी.
*सीपीयूचा टक्का चढलेला, पंखा घोंघावतोय, वेगाचा आकडा मात्र उतरलेला :* उष्णता किंवा चार्जर.
*सगळं निवांत, तरी वेबसाइट अडतात :* इंटरनेट.
*टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट मिटत नाही :* बॅटरी फुगली. वापर आणि चार्जिंग ताबडतोब थांबवा. ती टोचू-दाबू नका.

टेबल भरलं की

दुसरी वाट रॅमची. ४ जीबीपैकी काही भाग पडद्यावरचं चित्र रंगवणारी अंगभूत ग्राफिक्स चिप आपल्याकडे राखून ठेवते. दोन जीबीच्या आसपास विंडोज स्वतः वापरतं. उरलेल्यात ब्राउझर. क्रोम २००८मध्ये आला तेव्हापासून तो वेगवेगळे टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवतो, म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत राहतात. सोय मोठी, पण तिची किंमत रॅममध्ये मोजावी लागते.

टेबल पुरेनासं झालं की विंडोज एक युक्ती करतं : जी फाइल आत्ता हातात नाही ती तात्पुरती रेकॉर्ड रूममध्ये पाठवून जागा करतं. यासाठी डिस्कवर ‘पेज फाइल’ राखलेली असते. ही कल्पना १९६२च्या सुमाराला इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलास संगणकात पहिल्यांदा वापरात आली आणि आजही प्रत्येक लॅपटॉपमध्ये आहे. थोडक्यात भागतं तोवर ती कळतही नाही.

पण तिला एक कडा आहे. समजा कारकुनाला एका प्रकरणासाठी पाच फाइली आलटूनपालटून लागतात आणि टेबलावर चारच मावतात. तो पाचवी मागवतो, म्हणून पहिली आत जाते. लगेच पहिली लागते, म्हणून दुसरी आत जाते. शिपाई अखंड ये-जा करतो आणि कारकून कामाला हातच लावू शकत नाही. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८मध्ये या अवस्थेची कारणमीमांसा केली. संगणकशास्त्रात तिला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. त्याच्या विवेचनाचा गाभा असा की प्रत्येक कामाला एका वेळी माहितीची काही किमान पानं जवळ लागतातच, आणि सगळ्या कामांची ही गरज मिळून रॅमच्या वर गेली की वेग थोडा घटत नाही, एकदम कोसळतो.

म्हणूनच आठ टॅबपर्यंत ठीक चाललेला लॅपटॉप नवव्या टॅबला गोठतो आणि आपल्याला वाटतं, त्या नवव्या वेबसाइटमध्येच खोट आहे. अशा वेळी एक टॅब बंद करणंसुद्धा दिसतं त्याहून खूप मोठं काम करतं. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ ही सोय चालू ठेवावी. न वापरलेले टॅब ती आपणहून झोपवते. नको असलेली एक्स्टेन्शनं काढून टाकावीत, तीही टेबल अडवतात.

रॅम वाढवायची असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ पानावर किती खाचा आहेत आणि किती वापरात आहेत हे दिसतं. दोनपैकी एक मोकळी असेल तर त्याच प्रकारची, त्याच क्षमतेची दुसरी पट्टी घालणं उत्तम. दोन पट्ट्या जोडीने काम करतात तेव्हा अंगभूत ग्राफिक्सलाही उठाव मिळतो. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. आणि त्याच पानावर ‘कमिटेड’चा आकडा पाहावा : एकंदर मागणी किती आहे ते तो सांगतो. रॅम ४ जीबीची आणि तो नेहमीच सात-आठ दाखवत असेल, तर ८ जीबी करण्याला पर्याय नाही.

इथे एक गैरसमज फार खोल रुजलाय : मोकळी रॅम म्हणजे चांगली रॅम. रिकामं टेबल पाहून कारकुनाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. विंडोज मोकळ्या जागेत नुकत्याच वापरलेल्या फाइली मुद्दाम ठेवून देतं, म्हणजे पुन्हा लागल्या तर मागे जावं लागू नये. कोणाला जागा हवी झाली की ती तत्क्षणी सोडतं. ‘रॅम क्लीनर’ नावाचे प्रोग्रॅम ही तयारी उधळून लावतात. आकडा सुंदर दिसतो आणि पुढचा क्लिक आधीपेक्षा उशिरा लागतो.

रोज बंद करूनही बंद न होणारा लॅपटॉप

टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’, आणि खाली ‘अप टाइम’ पाहा. रोज रात्री न चुकता शट डाउन करणाऱ्यांच्या लॅपटॉपवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. हे चुकीचं नाही. २०१२च्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे लिहून ठेवले जातात, आणि सकाळी तेच उचलून आणले जातात. सुरू होणं लवकर होतं; पण त्या गाभ्यात साचलेला गुंता, अडकलेला ड्रायव्हर, अर्धवट राहिलेलं अपडेट तसंच पुढे चालतं. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने उभं करतं. म्हणून ‘बंद करून चालू केला, फरक नाही’ आणि ‘रीस्टार्ट केला, फरक नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावं.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ हा विभाग आहे. मीटिंगचे, गाण्यांचे, गेमचे, प्रिंटरचे कितीतरी प्रोग्रॅम विंडोजबरोबर आपणहून उठतात. ते तिथून ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्रॅम जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाज यांच्याशी संबंधित नोंदींना हात लावू नये. अँटिव्हायरस एकच असावा. विंडोजमध्ये आलेला डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. दोन पहारेकरी असले की प्रत्येक फाइल दोनदा अडवली जाते.

जागेचं थोडक्यात : सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नये. अपडेटला आणि पेज फाइलला हात-पाय पसरायला जागा लागते, आणि एसएसडीला तर लिहिण्याआधी जुने भाग पुसून तयार ठेवायला मोकळे कप्पे लागतात. पंधरा-वीस टक्के रिकामे ठेवावेत. हार्ड डिस्कचं डिफ्रॅगमेंटेशन विंडोज आपणहून ठरल्या वेळी करतं. एसएसडीचं करायचं नसतं.

उष्णता

प्रोसेसर वयाने मंदावत नाही, पण तापला की स्वतःहून वेग उतरवतो, कारण तसा उतरवला नाही तर तो जळेल. लॅपटॉपमधले बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ही मर्यादा मानतात. ती गाठायला फार काही लागत नाही. पंख्यापुढच्या बारीक पात्यांमध्ये काही वर्षांत धुळीचा नमदा साचतो. प्रोसेसर आणि तांब्याच्या नळीमधली थर्मल पेस्ट वाळते. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की तळातून हवा ओढणारी जाळीच बंद. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे खोलीत येणारी हवाच चाळिशीच्या वर असते. तिने प्रोसेसर थंड तो कितीसा होणार?

ओळखायचं असं : जड काम चालू असताना टास्क मॅनेजरच्या ‘सीपीयू’ पानावर ‘स्पीड’ हा आकडा पाहा आणि शेजारच्या ‘बेस स्पीड’शी ताडून बघा. बेस स्पीड २ गिगाहर्ट्झ, टक्का शंभर, आणि स्पीड एकच्याही खाली, असं असेल तर प्रोसेसर दम खातोय. लॅपटॉप कडक, सपाट पृष्ठावर ठेवा. त्याने भागलं नाही तर सर्व्हिसिंग : धूळ काढणं आणि पेस्ट बदलणं. घरी फुंकारा मारणार असाल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि पंख्याची पाती काडीने रोखून धरा. वाऱ्याने ती बेफाम फिरली तर पंखा बिघडू शकतो.

हाच उतरलेला आकडा लॅपटॉप थंड असतानाही दिसला, तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा वाटला नाही किंवा कमी वॉटचा निघाला, की प्रोसेसरला मुद्दाम जखडून ठेवतात. मूळ चार्जर खराब झाल्यावर बाजारातून कोणताही उचलून आणला आणि तेव्हापासून लॅपटॉप स्लो झाला, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण ती घडते.

‘बूस्टर’ विकत घेऊ नका

‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ आणि त्यांची भावंडं यांच्याबद्दल मी सौम्य भाषा वापरणार नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या हजारो सेटिंगांची वही. त्यातल्या काही नोंदी जुन्या झाल्याने वाचनाचा वेग कळण्याइतका घटत नाही. चुकीची नोंद खोडली गेली तर मात्र विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. असे क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. हे प्रोग्रॅम स्वतः स्टार्टअपमध्ये बसतात, रॅम खातात, आणि शेकडो ‘चुका’ सापडल्याचं सांगून पैसे मागतात. पडद्यावर भोंगा वाजवत ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं येतं, ती तर शुद्ध फसवणूक. मायक्रोसॉफ्ट कोणालाही आपणहून फोन करत नाही. असा पडदा आला तर ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा, आणि एनीडेस्कसारखं काही उतरवून अनोळखी माणसाच्या हाती लॅपटॉप देऊ नका. ज्येष्ठांना हे एकदा शेजारी बसून दाखवायला हवं.

विंडोज १० नंतर

विंडोज १०ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या प्रोसेसरांपैकी विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढच्यांवरच, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असेल तरच, अधिकृतपणे चालतं. सातव्या पिढीचा आय-थ्री त्यात बसत नाही, मग त्यात कितीही चांगली एसएसडी घाला. खर्चाआधी ही गोष्ट तपासावी. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ इथे प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेलच्या आय-थ्री, आय-फाइव्ह या मालिकांत आडव्या रेघेनंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा साधारणपणे पिढी सांगतो. आठवी किंवा पुढची पिढी असेल तर एसएसडी, ८ जीबी रॅम आणि विंडोज ११ असा बेत करायला हरकत नाही.

त्याआधीच्या लॅपटॉपला विंडोजच्या जागी लिनक्स हा चांगला आसरा आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती फुकट मिळते, सुरक्षा अपडेट घेत राहते, आणि ४ जीबीतही मोकळी वागते. ती पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही आहे. ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ, एवढंच काम असेल तर अडचण येत नाही. पण ज्यांचं रोजचं काम टॅली किंवा श्रीलिपीवर चालतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये. ते प्रोग्रॅम विंडोजसाठी बनलेले आहेत.

काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. ती निरोगी असेल तर अडीच इंची यूएसबी केसमध्ये घालून फोटोंच्या बॅकअपला वापरा. सलग मोठ्या फाइली वाचणं-लिहिणं तिला आजही उत्तम जमतं. आणि ती कोणाला द्यायची किंवा ई-कचऱ्यात टाकायची असेल, तर नुसतं डिलीट पुरत नाही. फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. एक टीबीला कित्येक तास लागतील. रात्री लावून ठेवा.